विषम आधी, सम नंतर

हेडसर कुठल्याही खोलीत शिरले की आधी खोली मोजायचे, माणसं नंतर. दारात क्षणभर थांबून नजर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न्यायचे आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचे, "पंचवीस. दाटीने तीस." मग आत येऊन नमस्कार. माझे वडील गेले तेव्हा भेटायला आले, तेव्हाही त्यांनी दारात थांबून हेच केलं. ओसरीत दुःख करायला जमलेल्या लोकांची बैठक त्यांना पटलेली नाही, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वृद्धांना भिंतीकडे घ्या. टेकायला लागतं." सांत्वनाचं एवढं उपयोगी वाक्य त्या दिवशी दुसरं कोणी बोललं नाही.

सिहोऱ्याच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. माझी बायको त्यांच्या हाताखाली गणित शिकवायची. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आणि ते मला कायम 'ग्रंथपाल' अशीच हाक मारत. जन्मभर प्रत्येक पुस्तक ज्याच्या त्याच्या जागी ठेवणं हे माझंही काम, तेव्हा खरं तर आमचं जमायला हवं होतं. पण पुस्तक जागेवर ठेवलं की त्याचा चेहरा उतरत नाही. माणसाचा उतरतो. हा फरक हेडसरांना कळत नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता.

लोक त्यांना भ्यायचे. ते कधी मारत नसत, ओरडत नसत. फक्त बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "तिथे." शिक्षकांच्या सभेत कोण कुठे बसणार, स्नेहसंमेलनात पाहुणा कुठे, पाहुण्याची बायको कुठे, सगळं त्या एका बोटावर. रविवारी दुपारी आमच्या घरासमोर एखादी मोटारसायकल थांबली तरी बायको पदर सावरून खुर्चीत ताठ व्हायची. मी म्हणायचो, "अगं, दूधवाला आहे." ती म्हणायची, "सवय झाली हो."

त्यांचं खरं राज्य बोर्डाच्या परीक्षेत. खिशात खडू आणि गळ्यात शिट्टी. बाकांमधलं अंतर ते छत्रीने मोजत. बैठक क्रमांक विषम एका वर्गात, सम दुसऱ्या वर्गात, म्हणजे शेजारच्या क्रमांकाचे दोन मित्र एका छपराखाली येऊच नयेत. कोणी आलं नाही तर त्याचा बाक तसाच. "गैरहजराची जागा रिकामीच राहील. सरकवासरकव नाही." हे वाक्य सिहोऱ्याच्या दोन पिढ्यांना पाठ आहे.

त्यांचा स्वतःचा मुलगा दहावीला बसला त्या वर्षी अवकाळी पाऊस आला. कौलातून नेमकी मुलाच्या बाकावर धार लागली. पर्यवेक्षक धावत विचारायला आले, बाक जरा हलवू का? हेडसर म्हणाले, "क्रमांक तिथे आहे ना? मग तो तिथेच बसेल." पोराने डावा हात कागदावर आडवा धरून पेपर लिहिला. हा प्रसंग हेडसर स्वतःच सांगत, अभिमानाने. ते सांगायला लागले की वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, उठून आत जायच्या.

वहिनींचं हे उठून जाणं पुढे मला एवढं भिववेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

वहिनी दिघोरीच्या. ठेंगण्याशा, पायांत वारा भरल्यासारख्या. आमच्याकडे कुठलीही पंगत असो, लग्नाची नाही तर तेरवीची, पितळी बादली आणि पळी घेऊन त्या पुढे. कोणाला आणखी भात हवा आहे आणि कोण नुसतंच नको म्हणतोय, हे त्यांना पानाकडे न बघता कळायचं. "घ्या ना भाऊ, काहून लाजून राहिले? पुस्तकं खाऊन पोट भरते काय?" असं म्हणत वांग्याची भाजी पडलेली असायची. पुरुष बसायचे, मग मुलं, मग पाहुण्या बायका. वहिनी शेवटी. त्यांना बसून जेवताना मी पाहिलंच नव्हतं.

निवृत्त शिक्षकांच्या आमच्या मंडळात क्रूझची कल्पना काढली पी.टी. सरांनी. आतापर्यंत मंडळाची सहल म्हणजे देवदर्शन आणि परतताना पोट बिघडणं. पी.टी. सर म्हणाले, "मुंबईहून जहाज सुटते, लक्षद्वीप दाखवते, वापस आणून सोडते. जेवण फुकट." फुकट नव्हतं, पण तोवर हात वर झाले होते. वैनगंगेच्या पुरापेक्षा मोठं पाणी आमच्यातल्या फारच थोड्यांनी पाहिलं होतं. बंदरावर त्या जहाजापुढे सगळे माना वर करून बघत राहिले. एवढी मोठी इमारत पायाशिवाय उभी आहे, हे कोणाच्या मनाला पटेना.

हेडसर मात्र पांढऱ्या सफारीत, शिट्टी गळ्यात. जेवणाच्या हॉलच्या दारात ते थांबले. झुंबरं, लाल गालिचे, गोल टेबलं, त्यांवर कमळासारखे घडी घातलेले रुमाल. बराच वेळ त्यांची नजर परत येईना. शेवटी म्हणाले, "हे मोजायला वेळ लागेल." त्यांना एवढं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं.

हॉलच्या मॅनेजरच्या कोटाला इतकी सोनेरी बटणं होती की जहाज तोच चालवतो असं आमच्यातल्या काहींना शेवटपर्यंत वाटलं. त्याने अदबीने सांगितलं की एवढा मोठा ग्रुप एकदम बसवता येणार नाही. संध्याकाळी जेवणाच्या दोन पाळ्या असतात, अर्धे पहिलीत, अर्धे दुसरीत. एकदा ठरलं की शेवटच्या दिवसापर्यंत तेच टेबल, तीच खुर्ची. कोण कुठे, ते आत्ताच सांगा.

ज्याची आयुष्यभर वाट पाहावी असा प्रश्न समुद्रावर हेडसरांसमोर आला होता. गाडीत बसतानाच त्यांनी सगळ्यांना क्रमांक दिले होते. मंडळाच्या सभासदाला विषम, त्याच्या जोडीदाराला लगेच पुढचा सम. ते क्षणभरही थांबले नाहीत.

"विषम पहिल्या सत्रात. सम दुसऱ्या सत्रात."

आणि कोणीच काही बोललं नाही. का बोलले नाहीत याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. सभासद जवळजवळ सगळे पुरुष आणि जोडीदार म्हणजे बायका. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मांडवात असंच असतं. नवऱ्यांपासून बायका तोडल्या जाताहेत हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण जेवताना त्या कधी शेजारी नव्हत्याच. दुसऱ्या कुठल्याही गावच्या ग्रुपने तिथल्या तिथे दंगा केला असता.

घोळ झाला तो फक्त माझा. सभासद माझी बायको, जोडीदार मी. ती गेली पुरुषांत, मी बायकांत.

"साहेब, तुमी तं बायकायच्या पंगतीत गेले!" पी.टी. सर ओरडले. "लुगडं आणलं का सोबत?"

"तुमचं उसनं घेतो," मी म्हणालो. सगळे हसले. हेडसर हसले नाहीत. ते वहिनींकडे बघत होते, आणि गणित सुटल्यावर उत्तर चुकलंय हे कळलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

जहाज सुटलं. मी केबिनबाहेरच्या बोळात कठडा धरून चालण्याचा सराव करत होतो, तेव्हा मागून कोणी म्हणालं, "भाऊ."

मी मागे पाहिलं, मग आणखी मागे पाहिलं. बोळात आम्ही दोघंच होतो. हेडसर मला कधी भाऊ म्हणाले नव्हते, आणि गावची बोली त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. ते नेहमी छापल्यासारखं बोलायचे.

"भाऊ, एक काम होतं. तिले हल्ली याद राहत नाही."

"वहिनींना?"

"घरी ठीक हाये. घर तिच्या पायाले माहीत हाये. इथं सगळे दरवाजे सारखेच." त्यांनी बोळातल्या दारांवरून नजर फिरवली, पण मोजली नाहीत. "जेवताना ती उठते. उठली का मंग कुठं चालली, ते तिलेच समजत नाही. आमच्या बाजारातून एकदा पार तुमसरच्या रस्त्याले लागली होती. तिथं रस्ता तरी होता, भाऊ. इथं चहूकडं पाणी हाये."

"मग सांगून टाका ना मॅनेजरला. खुर्ची बदलून घ्या."

"सगळ्यायसमोर मागा लागन. काहून, ते सांगा लागन. लोक तिले येडी म्हणतीन." ते थांबले. "आन् कोणत्या तोंडानं मागू? पोराले तं नाही बदलून देल्ली जागा."

मग एकदम ताठ होऊन ते नेहमीच्या भाषेत म्हणाले, "ग्रंथपाल, दुसऱ्या सत्राचे पर्यवेक्षक तुम्ही." आणि निघून गेले. चालताना त्यांचा हात भिंतीवर होता.

मी स्वतः जाऊन सोनेरी बटणांना विचारलं, एका बाईंना पहिल्या पाळीत घेता येईल का. मॅनेजर हसून म्हणाला, पहिली पाळी भरलेली आहे, बघू. मोठ्या हॉटेलांत 'नाही' या शब्दाला 'बघू' म्हणतात.

पहिल्या संध्याकाळी वहिनी माझ्या डाव्या हाताला बसल्या. हात मांडीवर, नजर त्या रुमालाच्या कमळावर. भोवती चाललेल्या गप्पांना हो हो करत होत्या. मी त्यांना झुंबरं दाखवली, काचेबाहेरचा उजेड दाखवला, जे सुचेल ते बोलत राहिलो. वेटरने मधोमध पोळ्यांची टोपली आणून ठेवली आणि वहिनी उठल्या.

"बसा वहिनी, तो वाढतो."

"ते लेकरू काय वाढन? तुमी बसा, बाकीचे वाढायचे हायेत."

त्या टोपली घेऊन निघाल्या. आमच्या बायका हसल्या. त्यांना यात नवीन काहीच दिसलं नाही. वहिनी कधी बसल्या होत्या? आमच्या दोन्ही टेबलांभोवती फिरून झाल्यावर त्या शेजारच्या अनोळखी टेबलाकडे गेल्या. तिथल्या एका जाड गृहस्थाने गोंधळून ताट पुढे केलं. मग त्याच्या पुढचं टेबल. मी हातातला चमचा तसाच धरून त्यांची हिरवी साडी झुंबरांखालून लांब लांब जाताना बघत होतो. टोपली रिकामी झाली आणि त्या थांबल्या. सगळीकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं. एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांत, त्यांना ओळखीचं काहीच दिसत नव्हतं.

मी जाऊन त्यांना घेऊन आलो. काय जेवलो ते आठवत नाही.

दाराबाहेर हेडसर उभे होते. पूर्ण सत्रभर तिथेच उभे असावेत. "उठली का?"

"एकदाच."

"काय खाल्लं?"

"पोळी. वरण."

पी.टी. सर जाताजाता म्हणाले, "हे बघा, सर इथंही भरारी पथक घेऊन आले!" हेडसरांनी तो विनोद तसाच राहू दिला. लोकांना त्यांची भीती वाटते, हे त्या क्षणी त्यांच्या सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच समुद्र बिघडला. संध्याकाळी हॉलमधली झुंबरं किणकिणत होती आणि टेबलावरचं पाणी ग्लासात एका बाजूला चढत होतं. बायका देवाची नावं घेत हसत होत्या. जहाज एकदा असं कलंडलं की माझ्यासमोरचा ग्लास घरंगळत निघाला. मी तो धरायला वळलो, धरला, सरळ झालो. शेजारची खुर्ची रिकामी होती. टोपलीही नव्हती.

आधी आमची टेबलं पाहिली, मग शेजारची. हिरवा रंग कुठेच नाही. हॉलच्या कोपऱ्यात एक दार होतं, वेटर येत-जात ते. आणि दुसरं, डेककडे जाणारं. ते नीट न लागल्यामुळे जहाजाच्या हेलकाव्याबरोबर उघडत होतं, मिटत होतं.

मी डेकवर गेलो. वाऱ्याने चष्मा धुरकटला. फरशी ओली होती. दिव्यांच्या पलीकडे पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कोणी खूप मोठं जनावर श्वास घेतंय, तसं. मी हाक मारली ती माझ्याच तोंडात परत आली. हेडसरांना काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, याची जुळवाजुळव मनात आपोआप सुरू झाली होती, आणि त्याची मला शरम वाटली.

मग मला कठड्याजवळ एक पोळी दिसली. ओल्या फरशीवर सपाट पडलेली.

माझ्या मागून कोणी आलं. बोळात उभे असलेले हेडसर मला पळताना बघून दुसऱ्या दाराने बाहेर आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोळीकडे. मग कठड्यापलीकडे. त्यांचा हात शिट्टीकडे गेला, पण वाजवली नाही. त्यांनी वहिनींना नावाने हाक मारली. इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. इथेही लिहीत नाही. पुन्हा मारली. आवाज फाटला होता. ज्याच्या नुसत्या बोटाला आम्ही भ्यायलो, तो माणूस माझ्या दंडाला धरून उभा होता.

"ओ," कोपऱ्याआडून आवाज आला. "काहून ओरडून राहिले? आली ना."

कोपऱ्यापलीकडे सामान नेण्याचा अरुंद बोळ होता. तिथे जहाजावरची साफसफाईची पोरं भिंतीला पाठ लावून, मांड्या घालून, ओळीने जेवायला बसली होती. वाट चुकलेल्या वहिनींना पंगत दिसली होती. मग त्यांना आणखी काही विचारायची गरज पडली नव्हती. टोपली कमरेवर, एकेकाच्या ताटात पोळी टाकत त्या ओळीच्या टोकापर्यंत पोचल्या होत्या, आणि पोरं ना हसत होती, ना उठत होती. त्यांना कोणी असं वाढून बरेच दिवस झाले असावेत.

वहिनींनी हेडसरांकडे पाहिलं. ओळीच्या शेवटी थोडी जागा होती. त्यांनी पळी धरावी तसं बोट त्या जागेकडे केलं.

"तुमी अजून उभेच? बसा तिथं."

हेडसर पहिल्या सत्रात जेवून आलेले होते. त्यांनी काही मोजलं नाही. पांढऱ्या सफारीत त्या ओल्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि दोन्ही हात पुढे केले. वहिनींनी त्यांवर पोळी ठेवली. ते कोरडी पोळी चावत राहिले.

तिसऱ्या संध्याकाळचं मला बायकोने सांगितलं. पहिल्या सत्राला सगळे बसल्यावर हेडसर खुर्चीमागे उभे राहिले. सूचना येणार म्हणून सगळ्यांनी हात मांडीवर घेतले. ते म्हणाले, "आमच्या मंडळीच्या ध्यानात काही राहत नाही. मी तिच्या बाजूले बसीन." एवढंच, आणि तेही गावच्या बोलीत. मग त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "ग्रंथपालांना माझ्या जागी पाठवा." पी.टी. सरांना गप्प राहणं कधी जमलं नाही. डोळे पुसत ते म्हणाले, "पण सर, गैरहजराची जागा रिकामी ठेवायची ना?"

"मी गैरहजर नाही," हेडसर म्हणाले. "चुकीच्या सत्रात होतो."

मॅनेजर पुढे आला. हेडसरांनी त्याला नुसतं बोट दाखवलं. सोनेरी बटणं बाजूला झाली.

परत आल्यावर वहिनींना कोणी वेडी म्हटलं नाही. निदान मी ऐकलं नाही. मंडळाच्या जेवणात त्या उठल्या की कोणीतरी सहज उठून त्यांच्या मागे चालायचं, हातात पाण्याचा जग घेऊन, जणू तीही वाढायचीच पद्धत आहे.

गेल्या महिन्यात मी आणि बायको सिहोऱ्याला जाऊन आलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाठीला उशी. हेडसरांनी चार पानं मांडली, स्वतः वाढलं. भात जरा जास्तच पडला, त्यांना अजून अंदाज नाही. वहिनींना एकेक घास देताना ते मधेच थांबत आणि त्यांच्या पायांकडे बघत.

"आता उठत नाही," मला म्हणाले. "दिवाळीपासून नाही उठली. आधी भेव वाटे, उठून कुठं जाते का काय. आता बसून राहते तं जास्त भेव वाटते, भाऊ."

वहिनींनी माझ्या पानाकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी. त्या पाहतच राहिल्या.

त्या दिवशी भंडाऱ्याला परतायला संध्याकाळ झाली. जेवायला बसलो आणि बायको पाणी आणायला उठली. स्वयंपाकघर चार पावलांवर आहे. मी घास हातात धरून थांबलो. आतून भांडं लागल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग कसलाच नाही.

ती तांब्या घेऊन आली. "काय झालं? भाजी अळणी आहे का?"

"बस आधी," मी म्हणालो.

ती बसली, तेव्हा जेवायला लागलो.